वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती दिवसांनी पोहोचते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आठ महिन्यांपूर्वी बढती मिळून तुम्ही १४ जणांच्या टीमचे प्रमुख झालात. काम तुम्हाला उत्तम येतं. आढावा बैठकीत सगळे माना डोलावतात, 'होऊन जाईल' म्हणतात, आणि मुदतीच्या आदल्या दिवशी कळतं की काम अर्ध्यावर अडलंय. त्यातच वरिष्ठ म्हणाले, 'तुमच्यात लीडरशिप दिसत नाही.' तुम्ही स्वभावाने अबोल, त्यामुळे ते वाक्य मनाला लागलं. म्हणून तुम्ही विचारता आहात की व्यवसायात प्रभावी नेता होण्यासाठी कोणते गुण लागतात आणि त्यासाठी कुठला कोर्स करावा.

गुणांची यादी कुणीही देईल: दूरदृष्टी, आत्मविश्वास, संवादकौशल्य, निर्णयक्षमता. त्यातलं काही खोटं नाही. पण ती यादी वाचून उद्या सकाळी कामावर गेल्यावर तुम्ही नेमकं काय वेगळं कराल? तुमचा खरा प्रश्न मला मधल्या एका वाक्यात सापडला: 'आदल्या दिवशी कळतं.' त्या १४ जणांपैकी कुणाला तरी ते आठवडाभर आधी ठाऊक होतं, आणि त्याने किंवा तिने तुमच्या कानावर घातलं नाही. का घातलं नाही, हे शोधून काढणं हे तुमचं पुढच्या काही महिन्यांचं मुख्य काम आहे असं मला वाटतं.

मी २६ वर्षं उत्पादन आणि वितरण या क्षेत्रांत काढली, त्यातली शेवटची बरीचशी विभागप्रमुख म्हणून. या काळात मी पाहिलेले चांगले नेते एकमेकांसारखे अजिबात नव्हते. कुणी तापट, कुणी शांत. कुणी तासभर बोलणारे, कुणी दोन वाक्यांत संपवणारे. त्या सगळ्यांत समान म्हणता येईल अशी एकच गोष्ट मला दिसली. काहीतरी बिघडलं की ते त्यांना लवकर कळायचं, आणि कळल्यावर काहीतरी हलायचं. पुढे जे लिहितो आहे ते या दोन गोष्टींबद्दलच आहे.

आधी माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण हे मी चुका करूनच शिकलो. पहिल्यांदा विभाग हाती आला तेव्हा माझ्याकडे दोन पाळ्या होत्या. एका मोठ्या ग्राहकाची ऑर्डर चालू होती आणि पॅकिंग मशिनच्या सीलिंगमध्ये दोष निर्माण झाला. पाकिटं मशिनमधून बाहेर पडताना नीट दिसायची, पण एकावर एक रचून ठेवली की काही तासांनी जोड सुटायचा. रात्रपाळीच्या सुपरव्हायझरला हे पहिल्याच रात्री दिसलं. मला नवव्या दिवशी कळलं, तेही ग्राहकाच्या गोदामातून फोन आला तेव्हा. आठ रात्रींचा माल परत आणावा लागला.

मी त्याला केबिनमध्ये बोलावलं. रागात होतो. त्याने शांतपणे सांगितलं, 'मागच्या महिन्यात मी मशिनच्या वेगाचा विषय काढला होता. तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, अडचणी सांगू नका, उपाय घेऊन या. माझ्याकडे उपाय नव्हता, साहेब. मी शोधत होतो.' आणि तो खरोखरच शोधत होता. आठही रात्री त्याने तापमान कमी-जास्त करून पाहिलं, फिल्मचे रोल बदलून पाहिले, एकट्याने. कामचुकारपणाचा लवलेश नव्हता. माझ्या एका वाक्याने त्याचं तोंड बंद केलं होतं, आणि ते वाक्य मी मोठ्या अभिमानाने वापरायचो. 'अडचण नको, उपाय सांगा' म्हणणाऱ्याकडे फक्त आधीच सुटलेल्या अडचणी पोहोचतात. ज्यांचं उत्तर खालच्या माणसाला सापडत नाही, म्हणजे ज्यांच्यासाठी तुम्हाला त्या खुर्चीत बसवलंय, नेमक्या त्याच खाली अडकून राहतात.

त्यानंतर मी एक वही ठेवायला लागलो. प्रत्येक मोठ्या अडचणीसमोर दोन तारखा लिहायच्या: कुणाच्या तरी पहिल्यांदा लक्षात आलं तो दिवस, आणि मला कळलं तो दिवस. दुसरं काही नाही. सुरुवातीला दोन तारखांमधलं अंतर आठवड्यात मोजावं लागायचं. दीड-दोन वर्षांनी बहुतेक गोष्टी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कळू लागल्या. तेवढ्या काळात माणसं जवळपास तीच होती, मशिनंही तीच होती.

बातमी वर जाताना तिचं काय होतं हे एकदा नीट बघा. मशिनजवळ उभा असलेला माणूस म्हणतो, 'हे आज-उद्या बंद पडणार.' त्याचा सुपरव्हायझर वर सांगतो, 'थोडा त्रास देतंय.' त्याच्यावरचा म्हणतो, 'लक्ष ठेवून आहोत.' आढाव्याच्या कागदावर शब्द येतो, 'नियंत्रणात.' यात कुणीही खोटं बोललेलं नसतं. प्रत्येकाने फक्त एकेक टोक घासून गुळगुळीत केलेलं असतं, आपल्यावर येऊ नये म्हणून किंवा वरच्याला उगाच त्रास नको म्हणून. तुमच्या बैठकीतलं 'होऊन जाईल' हे असंच घासलेलं वाक्य आहे.

अगदी मोठ्या कंपन्यांतही हे असंच चालतं. अ‍ॅलन मुलाली २००६ च्या सप्टेंबरमध्ये बोइंग सोडून फोर्ड या मोटार कंपनीचे प्रमुख झाले. त्या एका वर्षात फोर्डचा तोटा १२ अब्ज डॉलरच्या वर गेला. मुलालींनी दर आठवड्याला सगळ्या विभागप्रमुखांची आढावा बैठक सुरू केली आणि प्रत्येक कामाला रंग द्यायला सांगितलं: सुरळीत असेल तर हिरवा, अडचण असून मार्ग दिसत असेल तर पिवळा, मार्गच दिसत नसेल तर लाल. सुरुवातीच्या बैठकांत सगळे तक्ते हिरवेगार. कंपनी अब्जावधी डॉलर गमावते आहे आणि एकाही विभागाला अडचण नाही! मुलालींनी तसं बोलूनही दाखवलं. मग एका बैठकीत अमेरिका विभागाचे प्रमुख मार्क फील्ड्स यांनी एका नव्या गाडीच्या कामाला लाल रंग दिला, कारण तिच्या मागच्या दाराशी संबंधित एका दोषामुळे गाड्या बाहेर काढणं थांबवावं लागलं होतं. खोलीत शांतता पसरली. आता या माणसाची नोकरी गेली असं अनेकांना वाटलं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, यात मार्कला मदत कोण करू शकेल? इतर विभागप्रमुख तिथल्या तिथे मदत देऊ लागले. पुढच्या काही आठवड्यांत तक्त्यांवर लाल-पिवळे रंग दिसू लागले.

या प्रसंगातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की रंगांची पद्धत तर आधीपासूनच होती. फॉर्म होता, बैठक होती, प्रमुखांनी 'मोकळेपणाने सांगा' असं सांगूनही झालं होतं. तरी कुणी बोललं नाही. पहिल्या माणसाचं काय होतं हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा बाकीचे बोलू लागले. आणि २०१४ मध्ये मुलाली निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी हेच फील्ड्स आले.

म्हणून माझा तुम्हाला पहिला सल्ला: कुणी वाईट बातमी घेऊन आलं की तुमचे पहिले दहा सेकंद सांभाळा. बातमी आणणारा तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतो. आजूबाजूचे चार जणही बघत असतात, आणि त्यांनाही एकेक बातमी सांगायची असते. मी स्वतःला दोनच वाक्यांची सवय लावली. पहिलं, 'बरं झालं आत्ता सांगितलंत.' दुसरं, 'आत्ता नेमकी परिस्थिती काय आहे?' 'असं कसं झालं?' हा प्रश्न मी दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडातून काढत नाही. तो विचारायला हवाच, पण पहिल्या मिनिटाला विचारलात की समोरचा सारवासारव करायला लागतो आणि तुम्हाला हवी ती माहिती त्या सारवासारवीखाली गाडली जाते. राग येणं स्वाभाविक आहे. मला अजून येतो. तो चेहऱ्यावर दिसलाच तर संध्याकाळी त्या माणसाकडे जाऊन 'राग परिस्थितीचा होता, तुम्ही सांगितलंत ते योग्यच केलंत' असं स्पष्ट सांगतो.

दुसरं, प्रश्न बदला. 'काही अडचण आहे का?' याला १३ जणांसमोर 'नाही' हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, 'हे काम वेळेत झालं नाही, तर कशामुळे झालेलं नसेल?' अडचण असणार हे तुम्हीच गृहीत धरलंत, की ती सांगणाऱ्याला कमीपणा वाटत नाही. मी असंही विचारतो, 'या आठवड्यात कोणतं काम तुम्हाला अपेक्षेपेक्षा जड गेलं?' आणि मग गप्प बसतो. शांतता अवघडल्यासारखी वाटली तरी मध्ये बोलत नाही. तुम्ही अबोल आहात ना? मग हे तुम्हाला माझ्यापेक्षा सोपं जाईल.

इथे एक धोका आधीच सांगून ठेवतो. हे करू लागलात की पहिले दोन-तीन महिने तुमच्या टीमच्या अडचणी वाढल्यासारख्या दिसतील. घाबरू नका. एमी एडमंडसन या हार्वर्डच्या संशोधक १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या टीम आणि औषधं देताना होणाऱ्या चुका यांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीम कमी चुका करत असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले: ज्या टीमचं नेतृत्व चांगलं होतं, तिथे चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर उलगडा झाला की तिथल्या परिचारिका चुका लपवत नव्हत्या, मोकळेपणाने नोंदवत आणि बोलत होत्या. तुमच्या वरिष्ठांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर नेमक्या सुधारणेच्या काळात ते म्हणतील की परिस्थिती बिघडली.

आता तुमच्या मनात येईल, असं सगळं समजून घेत राहिलो तर लोक डोक्यावर बसतील. ही भीती रास्त आहे. मीही काही काळ त्या टोकाला गेलो होतो आणि चांगली माणसं वैतागली, कारण निष्काळजी माणसालाही तेच 'बरं झालं सांगितलंत' मिळत होतं. तेव्हापासून मी तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो. चूक झाली आणि लगेच सांगितली, तर शिक्षा नाही. तीच चूक पुन्हापुन्हा होते, तर स्वतंत्र बसून बोलणं, मुदत देणं, आणि तरीही फरक नसेल तर काम बदलणं किंवा माणूस बदलणं. आणि चूक लपवली, तर ती चुकीपेक्षा मोठी बाब.

पॉल ओनील १९८७ मध्ये अल्कोआ या अ‍ॅल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले तेव्हा त्यांनी गुंतवणूकदारांसमोर नफ्याआधी कामगारांच्या सुरक्षिततेचा विषय काढला. कुठेही कामगाराला इजा झाली तर त्या विभागाच्या प्रमुखाने २४ तासांच्या आत थेट त्यांना कळवायचं आणि पुन्हा घडू नये म्हणून काय करणार ते सांगायचं, असा नियम केला. २४ तासांत वर सांगायचं तर विभागप्रमुखाला खालून काही तासांतच कळायला हवं, म्हणजे मधल्या सगळ्या पायऱ्यांना एकमेकांशी रोज बोलावं लागलं. सुरक्षिततेसाठी बांधलेल्या त्या वाटेने मग उत्पादनाच्या अडचणी आणि सूचनाही वर येऊ लागल्या. पुढे एका कारखान्यात कामगारांना वायूमुळे त्रास झाल्याची गोष्ट वर कळवली गेली नव्हती, असं उघड झालं. तेव्हा ओनील यांनी संबंधित वरिष्ठ अधिकाऱ्याला काढून टाकलं. तो माणूस कामात हुशार होता आणि त्याच्या विभागाचे आकडेही चांगले होते. कठोर निर्णय होता, पण मला तो पटतो. बातमी आणणाऱ्याला अभय आणि बातमी दाबणाऱ्याला नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लोकांना दिसायला हव्यात.

बातमी कळली, पुढे काय? माझ्या पाहण्यातले बरेच सज्जन, मनमिळाऊ प्रमुख इथे कमी पडतात. ते ऐकतात, मान हलवतात, लिहूनही घेतात आणि काही होत नाही. दोनदा असं झालं की माणूस तिसऱ्यांदा येत नाही. त्याला भीती वाटत नसते. सांगून उपयोग नाही एवढंच त्याला कळलेलं असतं, आणि या निराशेतून माणसाला परत आणणं भीतीतून बाहेर काढण्यापेक्षा अवघड जातं.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, तक्रारी, खराब दर्जा यांसाठी बदनाम. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने भागीदारीत तो पुन्हा सुरू केला आणि बहुसंख्य कामगार जुनेच घेतले. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांना मागे टाकू लागला. सगळ्यांच्या नजरेत भरली ती कामगारांच्या डोक्यावरून जाणारी दोरी: दोष दिसला की कुणीही ती ओढायची, वेळेत सुटला नाही तर सगळी लाइन थांबते. अनेक कंपन्यांनी नंतर दोऱ्या लावल्या आणि फारसं काही बदललं नाही. कारण फरक दोरीत नव्हता; फ्रीमाँटमध्ये दोरी ओढल्याबरोबर टीम लीडर धावत यायचा, 'काय झालं, कशी मदत करू' म्हणायचा. त्याच्याकडे मोजकीच माणसं असायची, म्हणून त्याला येणं शक्य व्हायचं. जिथे दोरी ओढल्यावर कुणी येत नाही किंवा आलेला माणूस ओरडतो, तिथे ती दोरी धूळ खात पडते.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा: कुणी अडचण सांगितली की त्याच दिवशी काहीतरी उत्तर द्या. 'हे मी करतो, गुरुवारपर्यंत.' 'हे आत्ता करता येणार नाही, कारण अमुक.' 'हे माझ्या हातात नाही, पण वर विचारून उद्या सांगतो.' नकारही चालतो. माझा अनुभव असा की लोक कारणासकट आलेला नकार सहज पचवतात. उत्तरच न मिळणं त्यांना सहन होत नाही.

निर्णयांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नव्याने प्रमुख झालेल्यांची सगळ्यात जास्त ओढाताण इथे होते. तुम्ही स्वतः कामात उत्तम, त्यामुळे प्रत्येक निर्णय तुमच्यापर्यंत यावा असं तुम्हालाही वाटतं आणि टीमलाही तीच सवय लागते. मग १४ जणांची कामं तुमच्या टेबलावर रांगेत उभी राहतात. मी निर्णयांकडे एवढंच बघतो: चुकला तर परत फिरता येईल का, आणि किती खर्चात? रोजच्या कामाचा क्रम, एखादा अहवाल कसा मांडायचा, कोणत्या दोन पद्धतींपैकी कोणती आधी वापरून बघायची, असे निर्णय जो काम करतो त्याने घ्यावेत. मला विचारायची गरज नाही, फक्त कळवावं. ग्राहकाला शब्द देणं, माणसं घेणं किंवा काढणं, मोठी खरेदी, सुरक्षिततेशी संबंधित काहीही, हे मात्र माझ्याकडे यावं. ही विभागणी तोंडी राहू देऊ नका. कागदावर लिहून टीमसमोर ठेवा. पहिल्यांदा एखाद्याने स्वतः निर्णय घेतला आणि तो तुमच्यापेक्षा वेगळा निघाला, तर तो बदलण्याची ऊर्मी आवरा. कामचलाऊ असेल तरी तसाच चालू द्या. तो तुम्ही उलटवलात, तर ती विभागणी फक्त कागदावर आहे हे सगळ्यांना कळेल.

जे निर्णय तुमचे आहेत ते मात्र घ्या, आणि वेळेत घ्या. माझ्या कारकिर्दीतले जे निर्णय आज मला सलतात, त्यातले बहुतेक मी घेतलेले नाहीत. ते मी लांबवत नेलेले आहेत. एका सहकाऱ्याचं काम टीमला मागे खेचत होतं, हे मला आणि सगळ्यांना दिसत होतं. मी वर्षभर 'सुधारेल' म्हणत राहिलो. त्या वर्षात दोन उत्तम माणसं सोडून गेली. जाताना कुणी कारण सांगितलं नाही. मला ते नंतर समजलं.

आणि ऐकणं म्हणजे फक्त कानावर पडू देणं नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सात अंतराळवीर गेले. आदल्या रात्री रॉकेट बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी फोनवरच्या बैठकीत स्पष्ट विरोध केला होता: एवढ्या थंडीत जोडांमधली रबरी वेटोळी नीट काम करणार नाहीत. बातमी वर पोहोचली होती. पण नासाकडून नाराजी आल्यावर कंपनीच्या व्यवस्थापकांनी अभियंत्यांना बाजूला ठेवून निर्णय फिरवला. उड्डाण धोक्याचं आहे हे सिद्ध करा, असं ओझं अभियंत्यांवर आलं. खरं तर उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचं ओझं दुसऱ्या बाजूवर असायला हवं होतं. एखादा जाणकार माणूस 'थांबा' म्हणतो तेव्हा पुरावा कुणाकडून मागायचा, हे प्रमुख ठरवतो. आपल्या रोजच्या कामात माणसांचे जीव पणाला लागलेले नसतील, पण प्रश्न तोच असतो. मुदतीच्या दडपणाखाली मीही अनेकदा शंका घेणाऱ्याकडूनच पुरावा मागितला आहे. आता तसं होतंय असं वाटलं की मी बैठक दहा मिनिटं थांबवतो आणि त्या माणसाशी एकट्याने बोलतो.

तुमच्या अबोलपणाबद्दल. हा दोष आहे असं मानून तुम्ही स्वतःला छळता आहात, म्हणून हे स्पष्ट सांगतो. अमेरिकेत पिझ्झा घरपोच देणाऱ्या दुकानांवर एक अभ्यास झाला होता, २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जिथे कर्मचारी स्वतःहून सूचना करणारे, पुढाकार घेणारे होते, तिथे अंतर्मुख व्यवस्थापकांच्या दुकानांचा नफा जास्त होता. जिथे कर्मचारी सांगितलं तेवढंच करणारे होते, तिथे बोलक्या, उत्साही व्यवस्थापकांची दुकानं पुढे होती. म्हणजे दोन्ही स्वभावांना आपापली जागा आहे. तुमची टीम कशी आहे हे मला माहीत नाही. अनुभवी आणि हुशार असेल, तर तुमचा स्वभाव हे तुमचं बलस्थान आहे. नवशिकी असेल, तर तुम्हाला थोडं जास्त बोलावं लागेल: काम का करायचं, कसं झालं म्हणजे चांगलं झालं, हे पुन्हापुन्हा सांगावं लागेल. त्यासाठी वक्तृत्व लागत नाही. तयारी लागते. मी महत्त्वाच्या बैठकीआधी तीन वाक्यं लिहून काढतो आणि तीच बोलतो.

बाकी परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी थोडक्यात. खरंच आणीबाणी असेल, म्हणजे आग, अपघात, मोठा ग्राहक हातचा जाण्याची वेळ, तर चर्चा नको. एकाने आदेश द्यायचे आणि नंतर सगळ्यांनी बसून काय झालं ते बोलायचं. कुणी नोकरी करत नसून स्वतः मालक असेल, तर लोकांची भीती दुप्पट असते, म्हणून पहिले दहा सेकंद दुप्पट जपावे लागतात. आणि तुमचे वरिष्ठच वाईट बातमीवर भडकणारे असतील, तर वरचा सगळा सल्ला अर्धाच लागू पडतो. अशा वेळी मी बातमी वर नेताना सोबत 'आम्ही काय करतो आहोत आणि तुमच्याकडून काय हवं' हे एका कागदावर नेत असे, आणि टीममधल्या कुणाचंही नाव त्यात घालत नसे. तुमच्या माणसांना दिसलं पाहिजे की त्यांनी सांगितलेली गोष्ट तुमच्यापुढे गेली, पण त्यांच्यावर उलटली नाही.

कोर्सबद्दल विचारलंत. वाईट नसतात, अवघड संभाषण कसं करायचं, अभिप्राय कसा द्यायचा याचा प्रत्यक्ष सराव करून घेणारा असेल तर जरूर करा. नुसती व्याख्यानं असतील तर तो वेळ टीममधल्या प्रत्येकाशी दर पंधरवड्याला अर्धा तास एकट्याने बसण्यात घाला. १४ जण म्हणजे पंधरा दिवसांत सात तास. त्या अर्ध्या तासात कामाची यादी काढू नका, ती बैठकीत होते. विचारा की काय अडतंय, काय शिकायचंय, माझ्याकडून काय हवंय. पहिल्या दोन वेळा 'सगळं ठीक' असंच उत्तर मिळेल. तिसऱ्या-चौथ्या वेळेला माणूस बोलतो. मधल्या काळात एकही भेट रद्द करू नका, कारण तुम्ही ती कितपत मनावर घेता हेच ते पाहत असतात.

वरिष्ठांकडे परत जा आणि शांतपणे विचारा, 'लीडरशिप दिसत नाही असं तुम्हाला कोणत्या प्रसंगी वाटलं? एखादा प्रसंग सांगाल का?' कदाचित ते म्हणतील की बैठकीत तुम्ही बोलत नाही. कदाचित म्हणतील की कामं उशिरा होतात आणि तुम्हाला आधी कळत नाही. या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीसाठी ती तीन लिहिलेली वाक्यं पुरतील. दुसरी असेल तर त्यांना सांगा की तुम्ही त्यावर काम सुरू केलंय, सुरुवातीला अडचणी जास्त दिसतील, आणि तीन महिने मागून घ्या. मग आजपासून दोन तारखांची वही सुरू करा. तीन महिन्यांनी ती त्यांच्यासमोर उघडून ठेवता येईल.